ग्रिलसाठी आणि धुरीसाठी कोळसा घेताना काय बघायचं

नाशकात थंडी पडली की गच्चीवर, बंगल्याच्या मागच्या अंगणात, मळ्यात बार्बेक्यूचे बेत सुरू होतात, आणि चिकनच्या मॅरिनेशनवर दोन दिवस डोकं लावणारी माणसं कोळसा मात्र समोर दिसेल तो उचलून आणतात. मग कोळसा पेटत नाही, पेटला तर धूर थांबत नाही, पाहुणे ताटं घेऊन बसलेले आणि घरातलं कोणीतरी पुठ्ठ्याने वारा घालून घालून दमलेलं. हे सगळं टाळता येतं, फक्त कोळसा घ्यायच्या आधी पाच मिनिटं द्या.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकीचं सगळं त्यावर आहे. कोळशाकडून आपल्याला उष्णता हवी असते, चव नाही. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातला बहुतेक ओलावा, धूर आणि डिंकासारखं जे काय असतं ते निघून जातं, राहतो तो मुख्यतः कार्बन. ग्रिलची जी चव आपण म्हणतो ती येते मांसातली चरबी आणि मसाल्याचं तेल निखाऱ्यावर टपकून जो धूर उठतो त्यातून, आणि धुरी द्यायची असेल तर वेगळ्या टाकलेल्या लाकडातून. त्यामुळे चांगला कोळसा म्हणजे ज्याला स्वतःचा वास नाही, जो एकदा फुलला की धूर करत नाही आणि लवकर संपत नाही. एवढंच.

दगडी कोळसा अजिबात नको, तो भट्टीसाठी असतो, त्यात गंधक असतं आणि तो धूर अन्नाला लागणं बरं नाही. लाकडीच घ्या. कुठे मिळतो विचाराल तर आपल्या भागातल्या लाकडाच्या वखारीत चौकशी करा, किंवा कोळशाची इस्त्री वापरणारा इस्त्रीवाला, तंदूरवाला, पावसाळ्यात कणसं भाजणारे यांना विचारा, रोज कोळसा वापरणारा माणूस वाईट माल दुसऱ्यांदा घेत नाही.

पोतं उघडायला लावा आणि एक मोठा तुकडा हातात घ्या. दुसऱ्या तुकड्यावर आपटा. नीट भाजलेला कोळसा टणटण वाजतो, जवळजवळ काचेसारखा, आणि कच्चा असेल तर थप्प असा लाकडाचा आवाज येतो. मग तो तोडा. मोडलेली बाजू आतपर्यंत काळी आणि चकचकीत हवी, मधे तपकिरी पट्टा दिसला तर ते अर्धवट जळलेलं लाकूड आहे, ते डोळ्यांतून पाणी काढणार. नाकाजवळ धरा, वास यायला नको. तुकडा आकाराच्या मानाने फारच जड लागला तर एक तर कच्चा आहे नाहीतर भिजलेला, आणि भिजलेल्या कोळशात तुम्ही पाण्याचे पैसे देता. पोत्याच्या तळात हात घालून बघा, वर छान ढेकळं आणि खाली सगळा चुरा असं असतं बऱ्याचदा, आणि चुरा हवेची वाट बंद करतो म्हणून निखारे गुदमरतात.

आपल्याकडे बाभळीचा कोळसा चांगला, घट्ट लाकूड असल्यामुळे ताव जोरात देतो आणि टिकतो, पेटताना ठिणग्या उडतात तेवढ्या सांभाळा. चिंचेचा मिळाला तर तोही घ्या. हलक्या, मऊ लाकडाचा कोळसा भुरकन पेटतो आणि तसाच संपतो, तो पेटवणीपुरता ठीक. नारळाच्या करवंटीचा महाग पडतो पण धूर आणि राख दोन्ही कमी, गच्चीवर शेजारपाजार जवळ असेल तर मी तोच सुचवेन. ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चने बांधून केलेल्या वड्या, सगळ्या एका मापाच्या म्हणून ताव एकसारखा आणि लांब चालतो, पण राख जास्त होते. पाकिटावर काय काय घातलंय ते वाचा, आणि काडी लावताच पेटणारा म्हणून जो विकतात त्यात पेटवण्याचं रसायन असतं, त्याचा वास पनीरला तर लगेच लागतो.

मग कुठला? टिक्का, कबाब, कणसं, सुरमई असं झटपट भाजायचं असेल तर बाभळीची ढेकळं, चार-पाच माणसांना दीड-दोन किलो पुरतो. झाकण लावून दोन-तीन तास धुरी द्यायची तर ब्रिकेट, कारण तिथे ताव ११० ते १२० डिग्रीवर धरून ठेवायचा असतो आणि ढेकळांनी तो सारखा वर-खाली होतो. गच्चीवर वारं आणि थंडी असेल तर कोळसा थोडा जास्तच ठेवा.

पेटवायला रॉकेल-पेट्रोल काही नको. चिमनी स्टार्टरमध्ये (कोळसा पेटवायचं पत्र्याचं उभं नळकांडं) वर कोळसा भरून खाली कागद घालून पेटवला की १५-२० मिनिटांत वरच्या तुकड्यांवर पांढुरकी राख धरते, तेव्हाच ओता, त्याआधी जाळीवर काही ठेवू नका. चिमनी नसेल तर खाण्याच्या तेलात भिजवलेला कापूस नाहीतर गोवरीचा तुकडा मधे ठेवून भोवती कोळसा रचा.

धुरीच्या लाकडाला आपण नाशिककर नशीबवान. पेरूचं आणि आंब्याचं वाळकं लाकूड उत्तम. द्राक्षाचं लाकूडही फार सुंदर धूर देतं, पण छाटणीच्या काड्या उचलून तशाच टाकू नका, बागेवर वर्षभर फवारण्या चालू असतात. जुनी बाग काढतात तेव्हा जाड खोडं मागून आणा, साल पूर्ण सोला, खडखडीत वाळवा. कडुनिंब, निलगिरी, प्लायवूड, रंग दिलेल्या फळ्या, पॅकिंगची खोकी यातलं काही नको. मूठभर मापाचे दोन-तीन तुकडे बास होतात, धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे, दाट पांढरा असेल तर हवा वाढवा आणि थांबा, तो धूर अन्नाला कडवट करतो. आणि धुराच्या रंगावरून चिकन शिजलं असं समजू नका, आतला ताव ७४ डिग्री झालाय का ते थर्मामीटरने बघाच.

हे मात्र कळकळीने सांगते. काचा लावलेली गॅलरी, गॅरेज, तंबू, बंद खोली, कुठेच कोळसा पेटवू नका आणि उरलेली शेगडी थंडीत ऊब म्हणून आत नेऊन झोपू नका. धूर न दिसणाऱ्या निखाऱ्यातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही वास नाही, माणूस झोपेतच जातो.

झाल्यावर झाकण आणि खालची-वरची भोकं बंद केली की हवा तुटून कोळसा विझतो, पाणी ओतायची गरज नाही. उरलेला पुढच्या वेळी राख झटकून नव्यात मिसळा, छान पेटतो, पण पूर्ण गार झाल्याशिवाय पोत्यात परत टाकू नका, आत एखादा निखारा दबून राहतो. राख दुसऱ्या दिवशीही पूर्ण गार झाली का ते बघूनच टाका, आणि कचऱ्याच्या प्लॅस्टिक डब्यात तर नकोच. कोरडा साठा पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, आपल्या पावसाळ्यात उघडं पोतं हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून जूनच्या आधी हवा तेवढाच भरून ठेवा.