निळी खूण दिसली म्हणजे पाणी आहे असं नाही: ॲरिझोनाचे टोपो नकाशे वाचताना या चुका टाळा

ॲरिझोनाच्या गुरचराईच्या वाळवंटात पायी फिरायचं तर यूएसजीएसची, म्हणजे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची, १:२४,००० प्रमाणाची टोपोशीट (चढउतार दाखवणारा नकाशा) हवीच. घोटाळा होतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या खुणांचा.

‘टँक’ वाचून टाकी शोधत बसू नका. तिकडे टँक म्हणजे बहुधा ओहोळाला मातीचा बांध घालून गुरांसाठी अडवलेलं तळं. जूनमध्ये तिथे भेगाळलेला चिखलच भेटतो. कातळी डोंगरात मात्र टँक म्हणजे खडकातला नैसर्गिक खळगा, स्पॅनिशमध्ये तिनाहा. आपल्या गडांवरच्या टाक्यासारखाच, फक्त कुणी न खोदलेला. अरुंद घळीत, सावलीत असेल तर पाणी बराच काळ टिकतं.

तुटक निळी रेघ म्हणजे एरवी कोरडा ओढा. ‘विंडमिल’चं, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीचंही तसंच. गुरं दुसऱ्या कुरणात हलवली की पंप बंद होतो नि हौद आटतो.

२००९ पासूनच्या ‘यूएस टोपो’ शीटवर जुन्या पवनचक्क्या, विहिरी बऱ्याचदा नसतातच. म्हणून यूएसजीएसच्या ‘टोपोव्ह्यू’ या साइटवरून जुनी शीटही उतरवून घ्या; फुकट मिळते. तिच्यावर जांभळ्या रंगात छापलेले बदल हवाई फोटोंवरून भरलेले असतात, जागेवर जाऊन तपासलेले नसतात.

मग उपग्रहचित्र उघडा, पण जूनचं, पावसाळ्याआधीचं. सप्टेंबरच्या चित्रात सगळीच तळी भरलेली दिसतात. वापरातल्या पाणवठ्याकडे गुरांच्या पायवाटा चाकाच्या आऱ्यांसारख्या येऊन मिळतात. वाटा पुसट झाल्या असतील, तर त्या पाण्यावर विसंबू नका.

जुन्या शीटवरचे यूटीएम आकडे (जागा मीटरमध्ये सांगणारे) जीपीएसमध्ये घातले, तरी झरा सापडेना? डेटम, म्हणजे आकडे कुठल्या आधारावर मोजलेत ते बघा. जुन्या शीट बहुतेक नॅड २७ वर असतात, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आकडे तसेच घातले तर तुम्ही सुमारे २०० मीटर दक्षिणेला, कदाचित शेजारच्याच घळीत पोचता. जीपीएसच्या सेटिंगमध्ये डेटम नॅड २७ करून आकडे घाला, मग परत डब्ल्यूजीएस ८४ करा.

छापताना ‘फिट टू पेज’ नको, १०० टक्केच ठेवा. नकाशाच्या मापपट्टीवरचा १ किलोमीटर कागदावर ४.१७ सेंटिमीटर भरला पाहिजे.

आणि पाणी सापडलं म्हणून तिथेच तंबू ठोकू नका. गुरांना किंवा वन्यप्राण्यांना जवळपास दुसरं पाणी नसेल, तर पाणवठ्यापासून पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०० मीटरच्या आत मुक्काम करणं ॲरिझोनात बेकायदा आहे.