कॅम्पेनच्या मध्यावर क्लास बदलताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या भूमिका-खेळाचं कॅम्पेन (सलग चालणारी गोष्ट) पाच-सहा महिने चाललेलं असतं आणि एक खेळाडू डीएमला (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विचारतो, "फायटरचा कंटाळा आलाय, विझार्ड खेळू का?" फायटर म्हणजे लढवय्या, विझार्ड म्हणजे जादूगार; पात्राच्या अशा प्रकाराला क्लास म्हणतात. खेळाडूच्या प्रश्नाचं उत्तर शक्यतो 'हो' असावं. दर आठवड्याला चार तास नावडतं पात्र ओढत बसण्यात त्याला सुख नाही आणि टेबलवरच्या बाकीच्यांनाही नाही. घोळ होतो तो होकार दिल्यानंतर. जुन्या शीटवर (पात्राचे आकडे लिहिलेल्या कागदावर) 'फायटर' खोडून 'विझार्ड' लिहिलं जातं, दिसतील ते आकडे बदलले जातात, न दिसलेले तसेच राहतात. दोन सेशननंतर एक तर तोच खेळाडू पुन्हा वैतागतो, नाहीतर शेजारचा म्हणतो, "याला जास्त मिळालं."

खालचे आकडे डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतल्या २०१४ च्या नियमांप्रमाणे आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत काही तपशील बदलले आहेत, चुका मात्र त्याच होतात.

कंटाळा नेमका कशाचा, हे न विचारणं

क्लास हा सगळ्यात मोठा बदल. त्याआधी खेळाडूला एवढंच विचारा: "टेबलवर कुठल्या क्षणी तुझा हात मोबाइलकडे जातो?" लढाईत दर वेळी तोच तलवारीचा वार करून कंटाळा आला असेल, तर सबक्लास (क्लासचा उपप्रकार) बदलून भागू शकतं. थोडी जादू हवी असलेल्या फायटरला एल्ड्रिच नाइट हा सबक्लास पुरतो. त्याची बुद्धिमत्ता कमी असली, तरी शील्डसारखी, बुद्धिमत्तेच्या आकड्यावर न चालणारी स्पेल (मंत्र) घेता येतात. पण ज्याला फायरबॉल टाकायचाय, त्याला हे सुचवू नका. फायरबॉल तिसऱ्या पातळीचं स्पेल आहे आणि एल्ड्रिच नाइटला तशी स्पेल मिळतात तेराव्या लेव्हलला (लेव्हल पात्राची, पातळी स्पेलची).

बार्ड, सॉर्सरर, वॉरलॉक आणि रेंजर या क्लासना तर लेव्हल वाढताना एक जुनं स्पेल टाकून नवं घेता येतं. हा नियम कित्येक टेबलांवर कुणाच्या लक्षातच नसतो. सॉर्सरर 'बेकार' वाटतो, कारण पहिल्या लेव्हलला निवडलेली स्पेल सहाव्या लेव्हललाही तशीच असतात. सबक्लास बदलण्याचा ऐच्छिक नियमही २०२० च्या पुरवणी पुस्तकात आला आहे.

दुसरी शक्यता अशी, की पार्टीत (खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीत) आणखी एक जण तेच काम त्याच्यापेक्षा चांगलं करतो. अशा वेळी क्लास बदलणं योग्यच, पण नवा क्लास तिसऱ्याच कुणाच्या कामावर पाय देणारा नको.

मल्टिक्लासला क्लास-बदल समजणं

"पुढच्या लेव्हलपासून विझार्डच्या लेव्हल घे" हा सोपा वाटणारा सल्ला बहुतेकदा फसतो. मल्टिक्लाससाठी, म्हणजे जुना क्लास ठेवून दुसऱ्याच्या लेव्हल घ्यायला, जुन्या आणि नव्या, दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात (शक्ती, बुद्धिमत्ता वगैरे) किमान १३ लागतात. बुद्धिमत्ता ९ असलेल्या फायटरला विझार्डचं दार बंदच. १३ असले, तरी सातव्या लेव्हलला त्याच्याकडे पहिल्या पातळीचे दोन स्पेल स्लॉट (दिवसात स्पेल टाकायच्या संधी) येणार, आणि त्याच वेळी पार्टीतला बार्ड चौथ्या पातळीची स्पेल टाकत असणार.

याहून वाईट म्हणजे हप्त्याहप्त्याने बदल, दर काही सेशनला फायटरची एक लेव्हल काढून विझार्डची एक घालायची. गोष्टीच्या दृष्टीने हे सुंदर दिसतं, आकड्यांत नाही. पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा हल्ला मिळतो आणि विझार्डला तिसऱ्या पातळीची स्पेल. फायटर ४, विझार्ड २ अशा अधल्यामधल्या अवस्थेत दोन्ही नसतात. सहाव्या लेव्हलच्या लढाईत तो चौथ्या लेव्हलच्या पात्रासारखा उभा राहतो. बदल करायचा तर एका दमात करा.

शीटची डागडुजी करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. जुनी शीट बाजूला जपून ठेवा, कोरी शीट घ्या आणि पात्र जणू पहिल्या दिवसापासून नव्या क्लासचंच होतं, असं एकेक लेव्हल चढवत आणा. अर्धा-पाऊण तास लागतो. नमुन्यादाखल सहाव्या लेव्हलचा मानव फायटर घेऊ. त्याचे सुरुवातीचे गुण: शक्ती १६, चपळता १४, काटकपणा १५, बुद्धिमत्ता ९.

पहिलं काम, गुण पुन्हा मांडायचे. आकडे तेच, जागा वेगळ्या. इथे शक्ती आणि बुद्धिमत्तेची अदलाबदल पुरते. ती न करता क्लास बदलला, तर स्पेल डीसी (शत्रूला स्पेल टाळायला फाशावर लागणारा आकडा) होतो १० (८ अधिक प्रोफिशियन्सी, म्हणजे प्रावीण्याचा बोनस, ३ उणे बुद्धिमत्ता ९ चा १), आणि दिवसाला तयार ठेवता येतात जेमतेम ५ स्पेल. नीट बांधलेल्या विझार्डची बुद्धिमत्ता याच लेव्हलला १८ असते, डीसी १५ आणि तयार स्पेल १०. 'विझार्ड जमला नाही' अशी तक्रार आली, की आधी हा डीसी तपासा.

दुसरं, गुणवाढ मोजून परत घ्या. बहुतेक क्लासना ती ४, ८, १२, १६ आणि १९ या लेव्हलना मिळते. फायटरला ६ आणि १४ ला जादा, रोग (Rogue) या क्लासला १० ला जादा. म्हणजे सहाव्या लेव्हलच्या फायटरकडे दोन गुणवाढी असतात आणि विझार्डकडे एकच. दोन्ही राहू दिल्या, तर बुद्धिमत्ता थेट २० होते आणि डीसी १६. शेजारच्या खेळाडूचा राग इथूनच सुरू होतो, आणि तो रास्त असतो. उलट दिशेला, विझार्डचा फायटर करताना एक गुणवाढ द्यायची राहून जाते.

हिट पॉइंटही (पात्राची जीवनशक्ती) पहिल्यापासून मोजा. काटकपणाचा बोनस २ धरून आणि सरासरी घेऊन फायटरचे ५२ होतात (पहिल्या लेव्हलला १२, पुढे पाच वेळा ८), तर विझार्डचे ३८ (पहिल्याला ८, पुढे पाच वेळा ६). तुमच्या टेबलवर हिट पॉइंट फाशाने ठरत असतील, तर बदलणाऱ्याला पुन्हा फासे टाकू देऊ नका, सरासरीच द्या. नाहीतर वाईट फासे पडलेल्या प्रत्येकाला क्लास बदलावासा वाटेल.

सेव्हिंग थ्रोच्या (धोका टाळण्याच्या फाशांच्या) प्रोफिशियन्सी हमखास विसरल्या जातात. फायटरच्या शक्ती आणि काटकपणाच्या, विझार्डच्या बुद्धिमत्ता आणि विवेकाच्या. काटकपणाची प्रोफिशियन्सी चुकून राहिली, तर कॉन्सन्ट्रेशन (चालू स्पेलवरचं लक्ष) टिकवायला त्याला +२ ऐवजी +५ मिळतात. डीसी १० ला अपयशाची शक्यता ३५ टक्क्यांवरून २० वर येते. लहान दिसणारी ही चूक पुढे प्रत्येक लढाईत दिसत राहते. पार्श्वभूमीतून आलेली कौशल्यं ठेवा, क्लासमधून आलेली दोन नव्या यादीतून निवडायला लावा. चिलखताची प्रोफिशियन्सीही जाते. ती नसताना चिलखत घातलं, तर शक्ती आणि चपळतेच्या सगळ्या फाशांवर डिसअॅडव्हान्टेज (दोनदा टाकून कमी आकडा धरणं) आणि स्पेल टाकणं बंद.

आता स्पेलबुक. विझार्डला पहिल्या लेव्हलला ६ आणि पुढे दर लेव्हलला २, म्हणजे सहाव्याला १६ स्पेल. पण ही सोळा मनाला येईल तशी घ्यायची नसतात. प्रत्येक लेव्हलची दोन स्पेल त्या लेव्हलला ज्या पातळीचे स्लॉट होते तेवढ्यातलीच असावी लागतात. म्हणून किमान ८ स्पेल पहिल्या पातळीची, आणि तिसऱ्या पातळीची फार तर ४. यापेक्षा जास्त हवी असतील, तर सापडलेल्या स्क्रोलवरून (स्पेल लिहिलेल्या गुंडाळीवरून) नेहमीच्या दराने उतरवावीत, स्पेलच्या प्रत्येक पातळीमागे २ तास आणि ५० जीपी (सोन्याची नाणी).

पार्टीत पडलेलं भगदाड न पाहणं

प्लेटमधल्या (पूर्ण चिलखतातल्या) फायटरचा आर्मर क्लास, म्हणजे त्याला वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा, १८. विझार्ड झाल्यावर चपळता १४ धरून १२, मेज आर्मर हे स्पेल टाकल्यास १५. हल्ल्याला +६ असलेल्या राक्षसाचा वार १८ ला ४५ टक्के वेळा लागतो, १५ ला ६० टक्के, १२ ला ७५ टक्के. त्यात हिट पॉइंट १४ ने कमी. तीन सेशनपूर्वी आखून ठेवलेली लढाई तशीच चालवली, तर मरतो तो बहुधा मागे उभा असलेला दुसराच कुणीतरी, कारण पुढे आता कुणी नाही.

क्लेरिक (जखमा भरणारा पुजारी) हा क्लास कुणी सोडला तर प्रश्न जास्त गंभीर. हीलिंग वर्ड हे जखमा भरणारं स्पेल बार्ड किंवा ड्रुइड देऊ शकतो. रिव्हिव्हिफाय (मेलेल्याला उठवणारं स्पेल) मात्र बार्डच्या यादीत नाही. पाचव्या लेव्हलपासून मेलेल्याला एका मिनिटाच्या आत उठवण्याची सोय पार्टीच्या सवयीची झालेली असते, आणि त्या स्पेलला लागणारा ३०० जीपीचा हिरा अजून त्याच खेळाडूच्या थैलीत असतो. ही सोय गेली, हे सगळ्यांसमोर स्पष्ट बोला. पुढच्या दोन-तीन सेशनमध्ये चार-सहा हीलिंग पोशन मिळतील असं बघा (किंमत ५० जीपी, सरासरी ७ हिट पॉइंट) आणि पहिल्या दोन लढायांतून एकेक शत्रू कमी करा. एवढ्यात पार्टी नवी घडी बसवते.

सामानाचं थोडक्यात. साधी उपकरणं अर्ध्या किमतीला विकली जातात, म्हणजे १,५०० जीपीच्या प्लेटचे ७५० येतील, ते चालतील. जादूच्या वस्तूंबाबत मात्र हात सैल सोडा. फायटरची +१ तलवार पार्टीतल्या दुसऱ्याला जाऊ द्या आणि विझार्डला तेवढ्याच तोलाची वस्तू गोष्टीतून मिळवून द्या. होली अव्हेंजरसारख्या काही वस्तू एकाच क्लासला चालतात, तेव्हा अट्यूनमेंटची, म्हणजे वस्तू कुणाला वापरता येईल याची, अट आधी वाचा.

शिक्षा म्हणून क्लास काढून घेणं

शपथ मोडून पश्चात्तापही नसलेल्या पॅलाडिनला (शपथबद्ध योद्ध्याला) डीएमच्या मर्जीने क्लास सोडावा लागू शकतो, असं २०१४ च्या नियमात आहे. याचा अर्थ पहिल्याच चुकीला हे हत्यार उपसावं असा नाही. खेळाडूशी आधी न बोलता सेशनच्या मधोमध त्याची शक्ती काढली, तर त्याच्या हाती उरतो एक दुबळा फायटर आणि मनात राग. त्याला ही घसरण खेळायची असेल तरच ती गोष्ट रंगते.

वेळ आणि कारण

गुहेच्या अर्ध्यात बदल करू नका. लेव्हल वाढते त्या सेशनच्या अखेरीस करा. तेव्हा सगळ्यांच्याच शीट उघड्या असतात. गोष्टीतलं कारण क्लासला साजेसं असू द्या. वॉरलॉक एका रात्रीच्या करारात होतो, सॉर्सररच्या रक्तातली शक्ती अचानक जागी होते. विझार्डला अभ्यास लागतो, तेव्हा गोष्टीत काही महिने पुढे सरका किंवा तो गुपचूप वाचत होता असं ठरवा. या कारणापोटी जादा ताकद देऊ नका.

नियमांनी हा बदल पूर्वी महाग ठेवला होता. पहिल्या आवृत्तीत फक्त मानवांना दुसरा क्लास धरता येई, जुन्याच्या मुख्य गुणात १५ आणि नव्याच्या १७ असतील तरच. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत फीट (निवडलेली खास क्षमता) बदलायला साधारण एक आठवडा लागतो, क्लासमधली निवड बदलायला किमान महिना, आणि क्लास तर बदलताच येत नाही. इतकं कडक राहायची गरज नाही, पण मर्यादा आधीच सांगितलेली बरी. चालणारा नियम असा: पाचव्या लेव्हलआधी एकदा मोकळा बदल, त्यानंतर पूर्ण कॅम्पेनमध्ये प्रत्येकाला एकदाच.

बदल पक्का करण्याआधी खेळाडू आणि डीएमने दोघांतच अर्धा तास तीन फेऱ्यांची सराव-लढाई खेळावी. सहाव्या लेव्हलच्या विझार्डकडे दहा स्लॉट असतात, पहिल्या पातळीचे ४, दुसऱ्याचे ३, तिसऱ्याचे ३. ते पहिल्यांदाच भर सेशनमध्ये हाताळायला लागले, तर प्रत्येक खेळीला पाच मिनिटं जातात. त्यानंतरचे दोन सेशन तात्पुरते धरा. तोवर जुनी शीट फाडू नका, आणि ऑनलाइन शीट वापरत असाल तर जुन्या पात्रात फेरफार न करता नवं पात्र उघडा. परत फिरायचं ठरलं, तर हीच शीट लागते.