आगोटीच्या यादीत शुगरच्या गोळ्या पण लिहा

मे संपत आला की आपल्याकडे कोकणात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाआधी भरून ठेवायच्या सामानाची, यादी निघते, तांदूळ, कुळीथ, कांदे, सुकी मासळी, लाकडं, ताडपत्री. ज्या घरात शुगरवालं माणूस आहे, त्यातून वय झालेलं किंवा हार्टचा त्रास असलेलं, त्या घराने याच यादीत अजून काही गोष्टी लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं. पाऊस लागला की परशुराम घाट नाहीतर आंबा घाट कधी बंद होईल सांगता येत नाही, राजापूरच्या बाजारात पाणी शिरतं, चिपळूणने 22 जुलै 2021 ला काय भोगलं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि शुगरच्या एखाद्या गोळीने नाहीतर कमजोर हार्टमुळे अंगात पाणी भरायला लागलं तर ते रस्ता चालू व्हायची वाट बघत नाही.

सगळ्यात आधी गोळ्यांचा डबा घेऊन उजेडात पडवीवर बसा. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, आणि दुकानदाराने कापून दिलेल्या तुकड्यावर नाव नसेल तर दुकानात जाऊन विचारा, यावेळी अख्खी स्ट्रिपच मागा. शोधायचं नाव आहे पायोग्लिटाझोन. बऱ्याचदा ते ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असतं, म्हणून घेणाऱ्याला पत्ताच नसतो. ही गोळी शुगर चांगली उतरवते, पण किडनीला मीठ आणि पाणी धरून ठेवायला लावते, त्यामुळे पायाला सूज येते, वजन वाढतं आणि हार्ट आधीच कमजोर असेल तर त्याच्यावर जास्तीचं पाणी ओढायचा भार पडतो. सोबत इन्सुलिन चालू असेल तर सुजेची शक्यता अजून वाढते. पण नाव दिसलं म्हणून घाबरून गोळी बंद करायची नाही हां! 2013 मध्ये भारतात ती काही आठवडे थांबवली होती, लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरच्या शंकेमुळे, आणि त्याच वर्षी इशाऱ्यासकट परत चालू केली, बऱ्याच जणांना ती चांगली लागू पडते. स्ट्रिपचा फोटो काढून ठेवा आणि जूनच्या आत डॉक्टरला दाखवा.

डॉक्टरकडे जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण तिथे गर्दी असते आणि आपण अर्धं विसरतो. पूर्वी अटॅक येऊन गेलाय का, जिना चढताना धाप लागते का, झोपताना उशा वाढवाव्या लागतात का, हे त्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगायचं. हार्ट फेल्युअर असलेल्याला पायोग्लिटाझोन शक्यतो देत नाहीत, त्रास जास्त असेल तर नाहीच. इसीजी, टूडी इको (हार्टची सोनोग्राफी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) शेवटचं कधी झालं तेही विचारा. बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू असेल तर तिच्यानेही घोटे सुजतात, मग सूज नक्की कशाची ते त्यांना ठरवू दे. हार्टवाल्यांना हल्ली डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी देतात, ती लघवीतून साखर बाहेर काढते आणि हार्टलाही आधार देते, तुमच्या माणसाला चालेल का विचारून घ्या. फक्त जुलाब-उलट्या लागल्या, जेवण जात नसेल, तर ती आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायची की थांबवायची हे आधीच विचारून लिहून ठेवायचं, पावसात पोट बिघडतंच.

वजनकाटा घ्या. साधा डिजिटल चालतो, पण सारवलेल्या जमिनीवर ठेवलात तर रोज वेगळा आकडा दाखवेल, लादीवर नाहीतर सपाट फळीवर ठेवा. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहा-पेज घ्यायच्या आधी, साधारण तेच कपडे घालून उभं राहायचं आणि आकडा कालनिर्णयच्या त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचा. एका दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन-अडीच किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, पाणी आहे, त्याच दिवशी डॉक्टरला फोन.

आता मीठ. इथे आपलं कोकण जरा अवघड आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, ताजी मासळी कमी, मग सुका बांगडा, खारा मासा, सोडे, जवळा, सांडगी मिरची, आंबोशी, लोणचं, पापड, यातल्या बहुतेकात मीठच मीठ. मोठ्या माणसाला दिवसाला सगळं धरून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचासुद्धा पूर्ण नाही, आणि खाऱ्या माशाचा एक मोठा तुकडा त्यातला बराच वाटा खाऊन टाकतो. सुकं पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाला चव नको का? पण आगोट भरतानाच खारं कमी आणि कडधान्य जास्त घ्या, खारा मासा पाणी बदलत भिजवून घ्या, कालवणात वरून मीठ घालू नका, आणि पेजेसोबत लोणचं असेल तर पापड नको. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनी कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते महागात पडतं.

भातलावणीचं तर विचारूच नका. दिवसभर चिखलात वाकून उभं राहिल्यावर संध्याकाळी पाय जड होतात, आणि मग "काय नाय ता, लावणीत पाय सुजतत" म्हणून सगळे सोडून देतात. सकाळी उठल्या उठल्या बघा. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून पाच-सहा सेकंद धरा, सोडल्यावर खड्डा तसाच राहिला, रात्रभर झोपूनही सूज उतरली नाही, तर ती नुसती लावणीची नाही. एकच पाय सुजला, लाल झाला, गरम लागला, तर जखमेतून इन्फेक्शन किंवा रक्ताची गाठ असू शकते, तेव्हाही लगेच दाखवा. आणि कंबर धरली म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, त्या गोळ्याही पाणी धरून ठेवतात. घरात कोणाची लघवी वाढवून सूज उतरवणारी जुनी गोळी पडलेली असेल तीही मनाने द्यायची नाही, पायोग्लिटाझोनच्या सुजेवर ती बऱ्याचदा फारशी चालतही नाही.

महिनाभराच्या गोळ्या जादा ठेवा, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, रिपोर्टची फाइलही पिशवीत बांधून उंचावर. लाइट दोन-दोन दिवस जाते, तेव्हा चालू असलेलं इन्सुलिन माठाशेजारी गार जागी ठेवलं तरी चालतं, साधारण चार आठवडे टिकतं, पॅकवरची मुदत बघा.

शेवटचं म्हणजे गाडी. रात्री आडवं झाल्यावर दम कोंडला, उठून बसावं लागलं, फेसाळ खोकला आला, छातीत दाबल्यासारखं झालं, किंवा शुगरवाल्याला काहीच न दुखता एकदम घाम सुटून गळल्यासारखं झालं (शुगरवाल्यांना अटॅक असा न दुखताही येतो), तर माणसाला टेकून बसवा, पाय खाली सोडा, ग्लुकोमीटर असेल तर शुगर बघा आणि 108 ला फोन करा. वाडीपर्यंत ॲम्ब्युलन्स येते की वरच्या सड्यापर्यंतच (पठारापर्यंत), हे आत्ताच बघून ठेवा, आणि रात्री गाडी काढेल अशा दोघांचे नंबर दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लावा, त्यांना आधी सांगून.