‘हिडन फिगर्स’ वर्गात दाखवताना या चुका टाळा

अमेरिकेतला वर्णभेद आठवी-नववीच्या मुलांना समजावायचा तर ‘हिडन फिगर्स’ (२०१६) ही उत्तम निवड आहे. नासाच्या लँगली केंद्रात आकडेमोड करणाऱ्या कॅथरीन जॉन्सन, डोरोथी व्हॉन आणि मेरी जॅक्सन या कृष्णवर्णीय गणितज्ञांची ही गोष्ट. पण चित्रपट लावला, मुलं भारावली, तास संपला, असं झालं की वर्णभेद शिकवायचा राहूनच जातो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पडद्यावरचं सगळं जसंच्या तसं इतिहास म्हणून सोडून देणं. कॅथरीन स्वच्छतागृहासाठी फायली काखेत मारून पावसात दुसऱ्या इमारतीकडे धावते. कारण कळताच तिचा गोरा साहेब ‘कलर्ड’ (म्हणजे कृष्णवर्णीयांसाठी) ही पाटी सर्वांसमोर फोडून पाडतो. मुलं इथे टाळ्या वाजवतात. मग विचारा, भेदभाव कुणी मोडला? उत्तर येतं, “साहेबांनी!”

प्रत्यक्षात हा साहेब काल्पनिक पात्र आहे. स्वच्छतागृह शोधत फिरण्याचा अपमान मेरी जॅक्सनच्या वाट्याला आला होता. कॅथरीन पाटी नसलेलं, म्हणजे गोऱ्या बायकांचं स्वच्छतागृह सरळ वापरत राहिली. तक्रार झाली तरी बधली नाही. चित्रपटाची गोष्ट १९६१च्या सुमारास घडते, पण नासात कृष्णवर्णीयांचे वेगळे विभाग १९५८मध्येच बंद झाले होते. हे आधी सांगू नका. प्रसंग दाखवा, थांबवा, मग सांगा आणि विचारा: पाटी साहेबाच्या हातून का फोडून घेतली असेल? माझ्या मते अख्ख्या चित्रपटात शिकवण्यासारखी सर्वांत मोलाची जागा हीच.

“त्या हुशार होत्या म्हणून त्यांना मान मिळाला,” असं कुणी म्हणालं तर तिथेच अडवा. त्याच इमारतीत झाडू मारणाऱ्या, गणित न येणाऱ्या बाईचं काय? माणूस म्हणून मिळायचा मान गुणांवर ठरत नाही, हे मुलांना या प्रश्नातून नेमकं उमजतं.

दोन तासांहून मोठा चित्रपट ३५ मिनिटांच्या तासिकांत तोडून दाखवू नका. धागा तुटतो. दहा मिनिटांचा एक प्रसंग दोनदा दाखवा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. कोण कुठे उभं आहे, कोण कुणाकडे बघत नाही, हे तेव्हा दिसू लागतं.

“हे तिकडचं, आपल्याकडे नाही,” हा सूर तर हमखास निघतो. तेव्हा जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ वर्गात न्या. १८७३मध्ये त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेतली गुलामगिरी संपवण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. १९७२मध्ये इथल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेवरून. मात्र जातिभेद म्हणजेच वर्णभेद, असं समीकरण फळ्यावर मांडून मोकळं होऊ नका. साम्य कुठे, फरक कुठे, हे मुलांनाच शोधू द्या.

आणि वर्गातल्या एखाद्या सावळ्या, ईशान्येकडून आलेल्या किंवा दलित मुलाला सर्वांदेखत “तुझा अनुभव सांग” असं कधीही म्हणू नका. त्याला बोलायचं असेल तर तो आपणहून बोलेल. बाकीच्यांना, आपण कुणाला रंगावरून काय हाक मारतो, ते नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला सांगा. त्या चिठ्ठ्या वर्गात वाचू नका. आधी स्वतः वाचा आणि पुढचा तास त्यावरून ठरवा.