स्क्रॅबलमध्ये 'यू'शिवायचा 'क्यू' कसा खपवावा

इंग्रजी स्क्रॅबलच्या शंभर टाइल्समध्ये क्यू एकच असतो, दहा गुणांचा. यू चारच. ते चारही पटावर जाऊन बसले की क्यू हातात अडकतो. डाव संपेपर्यंत तो खपला नाही तर तुमचे 10 गुण वजा होतात आणि सगळ्या टाइल्स आधी संपवणाऱ्याला 10 मिळतात, म्हणजे एकूण 20 चा फटका. यावर उपाय म्हणजे यूशिवायचे क्यू-शब्द पाठ असणं.

आधी हे शब्द आले कुठून ते बघा, म्हणजे पाठांतर सोपं जातं. जुन्या इंग्रजीत राणीला 'सी-डब्ल्यू' लावून लिहीत. 1066 नंतर नॉर्मन लेखनिकांनी त्या जागी 'क्यू-यू' आणलं आणि ती जोडी कायमची चिकटली. त्यामुळे यूशिवायचा क्यू दिसला की शब्द बहुधा बाहेरून आलेला असतो, आणि पुष्कळदा अरबीतून. अरबीतल्या 'क़ाफ' या अक्षरासाठी इंग्रजीत क्यू लिहितात. मराठी माणसाला इथे आयता फायदा मिळतो, कारण यातले बरेच शब्द फारसीमार्गे आपल्याकडेही आलेत.

पहिली पायरी: छोटे शब्द. 'क्यू-आय' म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. हा एक शब्द आला तरी अर्धं काम झालं. तिप्पट-अक्षराच्या घरावर क्यू ठेवून आडवा आणि उभा असा दोन्हीकडे 'क्यू-आय' जुळवलात तर 31 अधिक 31, एका खेळीत 62. 'क्यू-ए-टी' हा येमेनमध्ये चघळतात तो पाला. 'एस-यू-क्यू' म्हणजे अरबी बाजार. इथे यू आहे, पण क्यूच्या आधी.

दुसरी पायरी: ओळखीचे शब्द. फकीर, निकाब, तलाक, वक्फ, कव्वाली, मुकादम यांच्या इंग्रजी रूपांत क्यू आहे आणि त्याच्यामागे यू नाही. आपला ऊसतोडीचा मुकादम कॉलिन्सच्या यादीत (स्क्रॅबलमध्ये चालणाऱ्या शब्दांची एक यादी) गावचा प्रमुख म्हणून बसलाय! पण स्पेलिंग उच्चारावरून ठरवू नका. बुरखा आपण 'ख'ने म्हणतो, इंग्रजीत तो बी-यू-आर-क्यू-ए. काझीत झेड नाही, डी आहे: क्यू-ए-डी-आय, कारण अरबीतला ड-सारखा उच्चार फारसीत झ झाला. कव्वालीत डब्ल्यू दोनदा. 'क्यू-ए-आय-डी' म्हणजे पुढारी, कायदे-आझममधला कायद तो हाच. मात्र मुळात क़ाफ आहे म्हणून शब्द यादीत असेलच असं नाही. किल्ला आठवला म्हणून लगेच पटावर मांडू नका.

तिसरी पायरी: अनोळखी शब्दांना खुंटी शोधा. 'कनात' (क्यू-ए-एन-ए-टी) म्हणजे इराणी पद्धतीचा जमिनीखालचा पाण्याचा बोगदा. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला औरंगाबादेत बांधलेली नहर-ए-अंबरी आठवा, अर्थ डोक्यात बसेल. मांडवाच्या कनातीशी मात्र गल्लत नको. 'क्यू-ओ-पी-एच' हे हिब्रूतलं अक्षर, 18 गुणांचं. 'यू-एम-आय-ए-क्यू' ही इन्युइट लोकांची कातड्याची होडी. 'क्विंदार' (क्यू-आय-एन-डी-ए-आर) हे अल्बानियातलं चिल्लर नाणं, त्याला खुंटी सापडत नाही, सरळ घोका. आणि 'क्वर्टी' तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत रोज दिसतोच.

चौथी पायरी: यादी ठरवा. अमेरिकेची यादी आणि कॉलिन्सची यादी एक नाही. 'क्यू-आय' अमेरिकेत 2006 मध्ये आला. कोणती यादी चालेल हे टाइल्स उचलण्याआधीच बोलून घ्या, नाहीतर वक्फवरून घरात वाद होतील. अनेकवचनंही बघून ठेवा. 'क्यू-आय-एस' चालतं, म्हणजे कुणी 'क्यू-आय' लावला असेल तर तुम्ही एस जोडून त्याचेही गुण घेऊ शकता.

खेळताना क्यू आला की लगेच यूची वाट बघत बसू नका. एखादा आय उघडा आहे का ते आधी शोधा. पटावरही नाही आणि हातातही नाही, तर एक पाळी सोडून क्यू पिशवीतून बदलून घ्या. पण पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की अदलाबदल बंद होते, तेव्हा हा निर्णय त्याआधीच घ्या.