ब्रेक लागतात, पण सुटत नाहीत: जुन्या स्पोर्ट्स कारमधला नेमका दोष कसा शोधावा

जुन्या गाडीच्या ब्रेकची तक्रार सांगितली की नागपुरात पहिला सल्ला ठरलेला: "भाऊ, ब्रेकचं ऑइल बदला, एअर काढा, होऊन जाईल." त्याने झालं नाही तर दुसरा: "मास्टर सिलेंडर नवीन टाका." (मास्टर सिलेंडर म्हणजे पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा भाग.) दोन्ही सल्ले बहुतेक वेळा गाडी न पाहताच दिलेले असतात.

पेडल मऊ लागत असेल, दोनदा पंप केल्यावर वर येत असेल, तर एअर काढणं, म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा बाहेर काढणं, ठीक. पण मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना घरून निघालेली गाडी व्हरायटी चौकाच्या सिग्नलपर्यंत जड होते, पेडल वरच कडक लागतं आणि ॲक्सिलरेटर सोडताच गाडी जागेवर थांबते. ही तक्रार हवेची नाही. ऑइलचा दाब कुठेतरी अडकून बसतो किंवा एखादा पिस्टन जाम असतो. ते कळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका.

इथे माझ्या डोळ्यांसमोर एमजीबी, मिजेट, ट्रायम्फ स्पिटफायर अशा 1960 च्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या आहेत. पुढे डिस्क, मागे ड्रम आणि बहुतेकींना एकच सर्किट, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. निदानाची रीत मात्र पद्मिनीलाही तीच.

गाडी चालवून गरम करा आणि ब्रेक धरलेला असतानाच जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. हे "असतानाच" महत्त्वाचं. गाडी थंड झाली की दोष लपतो. संध्याकाळी आलेला मिस्त्री चाक फिरवून बघतो, ते मोकळं फिरतं, आणि तो चहा पिऊन निघून जातो.

आता गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि एकेक चाक हाताने फिरवा. रिमला हात लावू नका, टायर धरा. चारही जड असतील तर मास्टर सिलेंडरकडे संशय. फक्त मागची दोन्ही जड असतील तर मागच्या ॲक्सलवर जाणारा एकुलता होज (रबरी नळी) किंवा हँडब्रेकची केबल. पुढचं एकच चाक जड असेल तर त्याचा होज किंवा कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग.

खरी मेख इथून पुढे आहे, कारण खराब होज आणि जाम कॅलिपर बाहेरून अगदी सारखे वागतात, आणि लोक दोन्ही बदलून मोकळे होतात.

जड चाकाच्या निपलला (एअर काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा, आणि निपल पाव फेरा सैल करा. चष्मा घाला, दाबाखालचं गरम ऑइल डोळ्यात जाणं ही गंमत नाही. ऑइल उडालं आणि चाक फिरायला लागलं, तर दाब अडकला होता. काहीच झालं नाही आणि चाक तसंच जड राहिलं, तर पिस्टन गंजून जाम आहे. होजला दोष देऊ नका.

दाब अडकला होता असं ठरलं, तरी होज दोषी ठरत नाही. निपल उघडलं की दाब सुटतोच, तो कुठेही अडकलेला असो. म्हणून निपल बंद करा, पेडल दाबून चाक पुन्हा धरू द्या, आणि या वेळी लोखंडी पाइप जिथे होजला जोडतो तो वरचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं तर होज निर्दोष, दोष मागे मास्टरकडे. नट सैल करूनही चाक धरूनच राहिलं आणि निपल उघडल्यावरच सुटलं, तर होज गेला. बाहेरून तो नवाकोरा दिसेल. आतलं रबर फुगलेलं असतं. पायाचा जोर ऑइल पुढे ढकलतो, पण परत यायला तेवढा जोर मागे नसतो. या नटाला साधा फिक्स पाना लावू नका, कडा गोल होतात. ब्रेक पाइपचाच पाना हवा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

चारही चाकं जड असतील तर आधी पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) बघा. मास्टर सिलेंडरमध्ये एक बारीक छिद्र असतं. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि तापून फुगलेलं ऑइल टाकीत परत जातं. पेडल आणि पिस्टनमधल्या पुश रॉडला प्लेच नसेल तर छिद्र झाकलेलं राहतं, फुगलेलं ऑइल ब्रेकच दाबतं, त्याने आणखी उष्णता, आणखी दाब. हिवाळ्यात बरी चालणारी गाडी एप्रिलपासून रडते ती बऱ्याचदा यामुळे. टाकीचं झाकण उघडून कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगा. सुरुवातीलाच ऑइलमध्ये छोटी उसळी दिसली तर छिद्र उघडं आहे. पेडलपाशी साधारण 3 मिमी मोकळी हालचाल हवी. काही गाड्यांत पुश रॉडवर नट असतो, काहींत पेडलचा स्टॉप किंवा ब्रेक लाइटचा स्विच मागेपुढे करावा लागतो. नव्या कार्पेटमध्ये पेडल अडकत नाही ना, तेही बघा.

प्ले आहे, तरीही चारही जाम? मग कुणीतरी टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलं असण्याची दाट शक्यता. मिनरल ऑइलने रबरी बकेट (पिस्टनची वाटीसारखी सीलं) फुगतात. तेव्हा सगळी रबरं, सगळे होज बदलायचे. अर्धं काम करून पैसे वाचत नाहीत.

दुरुस्ती त्यामानाने सोपी. होज जोडीनेच बदला. जाम पिस्टन पेडलच्या दाबानेच बाहेर काढा; कंप्रेसरच्या हवेने तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि बोट मध्ये आलं तर बोट जातं. कॅलिपरचे दोन भाग वेगळे करू नका. खड्डे पडलेला पिस्टन पॉलिश पेपरने घासून परत बसवणारा मिस्त्री भेटला तर नमस्कार करून निघा. सीलला रबर ग्रीस, साधं ग्रीस नाही. धुवायला स्पिरिट, पेट्रोल नाही. मागच्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

ऑइल डॉट 4, सीलबंद डब्यातलं. नवीन असताना ते किमान 230 अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर हीच किमान हद्द 155 वर येते. पावसाळाभर दुकानाच्या फळीवर उघडा राहिलेला डबा फुकट मिळाला तरी नको. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळू नका. दर दोन वर्षांनी बदला.

एअर मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढा. पेडल पूर्ण तळापर्यंत दाबू देऊ नका. जुन्या मास्टरचा पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथल्या गंजावर बकेट फाटते.

चाचणी दुपारीच घ्या, पहाटे नाही. वीसेक मिनिटं गर्दीतून फिरवा, मग सपाट रस्त्यावर न्यूट्रल करून गाडी घरंगळते का बघा. सेमिनरी हिल्सच्या चढावर हँडब्रेक तपासा. घरी आल्यावर प्रत्येक चाकाखाली कोरा पुठ्ठा ठेवा. सकाळी ठिपका दिसला तर त्या चाकाचं निपल आणि नट पुन्हा आवळा. दुसऱ्या सकाळीही दिसला तर वॉशर बदला, आणखी आवळत बसू नका.