अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मान्यतेचा वाद मुळातून कसा वाचावा

फिलाडेल्फियात १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ प्रतिनिधींनी नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर सह्या केल्या. त्यानंतर हा मसुदा स्वीकारावा की नाही यावर तेरा राज्यांत जो वाद झडला, त्याचे साहित्य आज इतके विपुल आहे की नवा वाचक त्यात हरवून जातो. वर्तमानपत्रांतील लेख, पत्रके, खासगी पत्रव्यवहार आणि मसुद्यावर निर्णय देण्यासाठी राज्यांत भरलेल्या परिषदांतील भाषणांची टिपणे यांची हजारो पाने छापून निघाली असून त्यांतील बरीचशी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. बहुतेक वाचक ‘द फेडरॅलिस्ट’ या ८५ निबंधांपासून सुरुवात करतात आणि पुष्कळदा तेथेच थांबतात. हा क्रम बदलावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने लिहिलेले हे निबंध हा उत्तरपक्ष आहे. आपल्याकडील शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे येथेही पूर्वपक्ष आधी आणि त्याच्या पूर्ण बळानिशी वाचला पाहिजे, नाहीतर पब्लियसची वाक्ये कोणाला उद्देशून आहेत हेच कळत नाही.

त्याआधी एक संध्याकाळ मूळ मसुद्यासाठी ठेवावी. त्यात अवघे सात अनुच्छेद आहेत. शेजारी १७८१ पासून अमलात असलेला जुना करार, म्हणजे ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’, ठेवावा आणि दोहोंतील फरक स्वतः टिपून काढावेत. जुन्या करारात काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या सामाईक विधिमंडळाला, कर बसवण्याचा अधिकार नव्हता, ती राज्यांकडे केवळ पैशांची मागणी करू शकत असे. नव्या मसुद्याच्या पहिल्या अनुच्छेदातील आठव्या विभागाने तिला कर, सैन्य आणि या अधिकारांच्या अंमलासाठी ‘आवश्यक व योग्य’ असे सर्व कायदे करण्याची मुभा दिली. जुना करार बदलायचा तर तेराही राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागे. नव्या मसुद्याच्या सातव्या अनुच्छेदाने नऊ राज्यांतील खास निवडलेल्या परिषदांची मान्यता पुरेशी ठरवली. हा मसुदा मुळात वैध आहे का, हा विरोधकांचा एक मूलभूत प्रश्न येथूनच निघतो. आठवा विभाग, न्यायालयांविषयीचा तिसरा अनुच्छेद आणि संघाचा कायदा राज्यांच्या कायद्यांहून श्रेष्ठ ठरवणारा सहावा अनुच्छेद यांवर खूण करून ठेवावी, कारण पुढे वाचताना पुन्हा पुन्हा तेथेच यावे लागते.

यानंतर वाचनाचा खरा गाभा सुरू होतो, आणि तो जोड्यांनी वाचावा. पहिली जोडी म्हणून ‘ब्रूटस’ या टोपणनावाच्या विरोधी लेखकाचा १८ ऑक्टोबर १७८७ चा पहिला निबंध आणि २२ नोव्हेंबरचा ‘फेडरॅलिस्ट’मधील दहावा निबंध घ्यावा. ब्रूटसचे म्हणणे असे की एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात प्रजासत्ताक टिकत नाही. हितसंबंध आणि चालीरीती इतक्या भिन्न असतात की प्रतिनिधींचे एकमत होत नाही, लोक आपल्या शासकांना ओळखत नाहीत, आणि अखेर कायदा पाळून घेण्यासाठी सैन्य ठेवावे लागते. यासाठी तो फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूचा आधार देतो. मॅडिसन नेमका हाच मुद्दा उलटवतो: प्रदेश जितका मोठा तितके गट अधिक, आणि गट जितके अधिक तितके एका गटाला बहुमत जमवून इतरांवर जुलूम करणे अवघड. दोन्ही निबंध वाचताना प्रत्येक परिच्छेदापाशी तीन गोष्टी वहीत लिहाव्यात: लेखकाला भीती कशाची आहे, ती कोणत्या तरतुदीवर बोट ठेवते, आणि त्याने सुचवलेला उपाय कोणता. ब्रूटसच्या भीतीला मॅडिसनने उत्तर दिले की तिला बगल दिली, हे मग आपले आपल्यालाच दिसू लागते. माझ्या वाचनात लष्कराचा आणि अनोळखी शासकांचा मुद्दा दहाव्या निबंधात अनुत्तरितच राहतो. दुसरी जोडी न्यायालयांची: ब्रूटसचे अकराव्यापासूनचे निबंध आणि हॅमिल्टनचा अठ्ठ्याहत्तरावा.

निबंधांइतकाच वेळ परिषदांतील भाषणांना द्यावा, कारण निबंधकार शहरी व सुशिक्षित होते आणि मते देणारे पुष्कळदा नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या परिषदेतील २५ जानेवारी १७८८ हा दिवस प्रत्येकाने वाचावा. सटन गावचे वृद्ध प्रतिनिधी एमॉस सिंगलटरी म्हणाले की हे वकील, विद्वान आणि पैसेवाले लोक गोड बोलून आपल्यासारख्या गरीब निरक्षरांच्या गळी हा मसुदा उतरवू पाहतात, सगळी सत्ता आणि पैसा हाती घेतील आणि देवमाशाने योनाला गिळले तसे आपल्याला गिळतील. त्यावर जॉनथन स्मिथ उठले. आपण साधा माणूस आहोत, नांगरावर पोट भरतो, असे सांगून त्यांनी आदल्या हिवाळ्यातील शेतकऱ्यांच्या सशस्त्र बंडाचा, म्हणजे डॅनियल शेज यांच्या उठावाचा, अनुभव मांडला. चांगल्या शासनाची किंमत आपल्याला त्याच्या अभावामुळे कळली, मसुदा आपण वारंवार वाचला, त्यासाठी कोणा वकिलाकडे गेलो नाही, कारण आमच्या गावात वकीलच नाही, असे ते म्हणाले. मॅडिसन न वाचलेला माणूस स्वतःच्या अनुभवावरून त्याच निष्कर्षाला कसा पोचतो, हे या भाषणात फार स्पष्ट दिसते, आणि सिंगलटरींची शंकाही तितकीच प्रामाणिक वाटते.

भाषणे वाचताना ती कोणी टिपली हे अवश्य पाहावे. पेनसिल्व्हेनियाच्या परिषदेतील वादविवाद म्हणून लघुलेखक टॉमस लॉइड यांनी जो खंड छापला, त्यात जेम्स विल्सन आणि टॉमस मॅकीन या दोन समर्थकांचीच भाषणे आहेत. तेथे विरोधकांची २३ मते पडली होती. त्यांचे म्हणणे वर्तमानपत्रांतून आणि अल्पमतातील सदस्यांच्या जाहीर निवेदनातून शोधावे लागते.

तारखांचा एक तक्ता भिंतीवर लावावा आणि त्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते एवढ्यापुरतेच आपले ज्ञान ठेवून वाचावे. डेलावेअरने ७ डिसेंबर १७८७ रोजी एकमताने मान्यता दिली, म्हणून पुढचे सारे सोपे होते असे समजू नये. न्यू हॅम्पशायरची परिषद फेब्रुवारीत पराभवाच्या भीतीने समर्थकांनीच तहकूब करून घेतली आणि ते राज्य २१ जूनला नववे ठरले. व्हर्जिनियात २५ जूनला मतदान झाले तेव्हा ही बातमी तेथील परिषद भरलेल्या रिचमंडला पोचलेली नव्हती, म्हणजे विरोधकांचे नेते पॅट्रिक हेन्री आणि समर्थक मॅडिसन दोघेही निर्णायक नववे मत आपल्याच राज्याचे आहे असे मानून बोलत होते. मतांचे आकडेही तक्त्यात लिहावेत: मॅसॅच्युसेट्स १८७ विरुद्ध १६८, व्हर्जिनिया ८९ विरुद्ध ७९, न्यू यॉर्क ३० विरुद्ध २७. अनुक्रमे दहा, सहा आणि दोन जणांनी बाजू बदलली असती तर निकाल फिरला असता.

गुलामगिरीचा प्रश्न वेगळ्या रंगाच्या शाईने टिपावा, कारण तो दोन्ही पक्षांना छेदून जातो. गुलामांचा व्यापार १८०८ पूर्वी काँग्रेसला बंद करता येणार नाही, या तरतुदीवर उत्तरेत ती अनीतिमान आहे म्हणून टीका झाली, तर दक्षिणेतील काहींना तीही अपुरी वाटली. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरण्याचे समर्थन मॅडिसनने चोपन्नाव्या निबंधात केले आहे. ते वाचताना त्रास होतो, पण तो निबंध वगळू नये.

भारतीय वाचकाने आपल्या केंद्र-राज्य संबंधांची चौकट येथे लावू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते की भारताचे संघराज्य घटकराज्यांच्या करारातून जन्मलेले नाही. अमेरिकेत मात्र तेरा राज्यांना एकेक करून विचारावे लागले.

वाचन १७८८ मध्ये थांबवू नये. मसुद्यात नागरिकांच्या हक्कांची सनद का नाही, या आक्षेपाला विल्सन यांनी ६ ऑक्टोबर १७८७ च्या भाषणात उत्तर दिले होते की जे अधिकार दिलेच नाहीत ते लोकांकडेच राहतात; हॅमिल्टनने चौऱ्याऐंशीव्या निबंधात तोच धागा पुढे नेला. लोकांचे समाधान झाले नाही. मॅसॅच्युसेट्सने मान्यता देतानाच दुरुस्त्यांची शिफारस जोडली आणि पुढे इतर राज्यांनी तीच वाट धरली. मॅडिसनने ८ जून १७८९ रोजी दुरुस्त्या मांडल्या, आणि १५ डिसेंबर १७९१ पर्यंत त्यांपैकी दहा मान्य झाल्या. राज्यांच्या शिफारशींची यादी आणि या दहा दुरुस्त्या समोरासमोर ठेवून जे गाळले गेले ते शोधावे. प्रत्यक्ष कर बसवण्याच्या संघाच्या अधिकारावर मर्यादा घालण्याची मॅसॅच्युसेट्सची मागणी त्यात सापडेल. तशी दुरुस्ती ऑगस्ट १७८९ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडली गेली आणि फेटाळली गेली.